मूर्तिजापूर येथील शिळें तेल

गेल्या कार्तिकांत चार दिवस मूर्तिजापुरास राहण्याचा योग आला. मूर्तिजापूर हें माझें जन्मगांव. परंतु शिक्षकाच्या नोकरीनिमित्त सारें आयुष्य पुण्याकडे गेल्यामुळें आतां मी तेथें पाहुण्यासारखाच जातों. या खेपेचें कारणही फारसें रमणीय नव्हतें. आमचे वडील बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, त्यांना वारून सहा वर्षें झालीं. त्यांची डिझेलवर चालणारी जुनी जीप तेव्हांपासून वाड्याच्या मागील पडवींत उभी होती. ती आतां भंगारवाल्यास द्यावी असें घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें पडलें. वहिनींनीं त्यावर वाद घातला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "विकायचीच असेल तर विका, पण चालती करून विका. दोरानें ओढत नेलेली मला पाहवणार नाहीं." हें पुतण्यानें मला कळविलें, आणि मी दुसऱ्याच दिवशीं आगगाडींत बसलों.

भुसावळ सोडून गाडी वऱ्हाडांत शिरली कीं प्रवाशाच्या डोळ्यांपुढें काळी जमीन पसरूं लागते. हा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला होता, आणि तेव्हांपासून या काळ्या मातीची किंमत साऱ्या जगास कळूं लागली होती. कार्तिक म्हणजे वेचणीचे दिवस. शेतांतून बोंडें फुटलेलीं होतीं, तूर फुलोऱ्यावर होती, आणि अकोल्याच्या पुढें रस्त्यानें कापसाच्या गाड्या जिनाच्या वाटेस लागलेल्या दिसत होत्या. या समृद्ध भूमीस एकच उणीव आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील बराच भाग खारपाणपट्टा आहे. विहिरीस पाणी लागतें, काठोकाठ भरतेंही. परंतु तें पिववत नाहीं व पिकासही मानवत नाहीं. ही भरलेली पण निरुपयोगी विहीर वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिची आठवण होणार आहे.

मूर्तिजापूरचें स्टेशन म्हणजे आमच्या बालपणाचें तीर्थच होतें. मोठ्या लोहमार्गास लागूनच येथून अडीच फूट रुंदीचे दोन चिमुकले फांटे निघतात. एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळास, सुमारें ११३ किलोमीटर, व दुसरा अंजनगांवावरून अचलपुरास, सुमारें ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या मार्गावर आणण्यासाठीं किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कारभाराखालीं ते घातले गेले. आणि १९५१ सालीं देशांतील रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. या मार्गावरील गाडीस लोकांनीं नांव दिलें 'शकुंतला'. कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें दर्शनास जातांना दादा मला खिडकीशीं बसवीत, आणि वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यांत गेला म्हणजे स्वतःच्या उपरण्याच्या टोकानें काढीत.

त्या गाडीचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्यास निरोप मिळाला व त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. पुढें गेल्या दशकांत आधीं यवतमाळची व मागाहून अचलपूरची नेहमींची फेरी बंद पडली. या खेपेस उतरलों तेव्हां त्या अरुंद रुळांमधून गुडघाभर गवत माजलेलें दिसलें. तीस-पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें असल्यामुळें कालिदासाची शकुंतला मनांत आली. तिचा कोणी द्वेष केला नव्हता. तिचा केवळ विसर पडला होता. यंत्रांचेंही बहुधा असेंच होतें. तीं कोणी मोडीत नाहीं. कोणी तरी तीं उद्यां चालवूं म्हणून उभीं करून ठेवतो, आणि तो उद्यां येत नाहीं.

वाड्यावर पोंचल्याबरोबर मीं जीप पाहिली. धुळीचा थर, बसकणींत उंदरांचें घरटें, चारही चाकें बसलेलीं. याच जीपमधून दादांनीं खेड्यांतल्या किती अडलेल्या बायांना रात्रीं-बेरात्रीं अकोल्याच्या दवाखान्यांत पोंचविलें असेल, याची गणती त्यांनींही कधीं ठेविली नाहीं. टाकींत काठी घालून पाहिलें, तों निम्मी टाकी, म्हणजे सुमारें वीस लिटर डिझेल, आंत होतें. मला आनंद झाला. मीं पुतण्यास म्हटलें, "तेल आहे, आतां किल्ली फिरव." त्यानें फिरविली. 'टक्' असा एक आवाज झाला आणि सारें शांत. बॅटरी मेलेली होती. दुसरी मागवावी असें मी सांगत होतों, इतक्यांत वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मिस्त्रीला एकदां विचारावें का?"

या प्रश्नानें मी वरमलों, आणि त्याचें कारण येथें सांगितलेंच पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं वहिनींनीं मला फोनवरून विचारलें होतें कीं, मिस्त्री म्हणतो जीपमधलें तेल काढून टाकी धुऊन ठेवावी. तसें करूं का? मीं गुरुजीच्या थाटांत उत्तर दिलें होतें. धर्मशास्त्रांत शिळें, म्हणजे 'पर्युषित', अन्न निषिद्ध सांगितलें आहे; परंतु तेलातुपांत सिद्ध केलेल्या पदार्थांस त्यांतून सूट आहे. म्हणून आपल्या घरांतून भात दुसऱ्या दिवशीं चालत नाहीं आणि अनरसे आठ दिवस चालतात. मीं वहिनींना हा दाखला दिला आणि वर स्वतःचा तर्क जोडला, कीं जें तेल भूमीच्या पोटांत कोट्यवधि वर्षें राहिलें तें आणखी चार वर्षांत काय नासणार? त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. दिराचा शब्द, त्यांतून शिकलेल्या दिराचा. तेल टाकींतच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्री आला. वय माझ्याएवढेंच, दादांची जीप पूर्वीं तोच पाहत असे. मीं किल्लीकडे हात नेतांच तो म्हणाला, "मास्तर, चाबी नका फिरवू. पयले टाकीत काय हाय थे पाहू द्या." त्यानें टाकीच्या बुडाचा बूच सैल करून कांचेच्या स्वच्छ बाटलींत थोडें तेल घेतलें व ती बाटली तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर ठेवून दिली. "उद्या सकाळी पाहू," एवढें बोलून तो गेला. मला ही दिरंगाई वाटली. संध्याकाळपर्यंत मी दहा वेळां त्या बाटलीपाशीं जाऊन आलों असेन.

दुसऱ्या दिवशीं उन्हांत ती बाटली धरल्यावर माझें शास्त्र गळून पडलें. तींत तीन थर स्पष्ट दिसत होते. वर काळपट तांबूस तेल. ताजें डिझेल फिकट व पारदर्शक असतें, हें मागाहून शेजारीं धरून पाहिलें. तळाशीं दोन बोटें गढूळ पाणी. आणि या दोहोंच्या सांध्यावर शेवाळासारखा, बुळबुळीत, काळा पापुद्रा. वास आंबूस, जुन्या रोगणासारखा. खारपाणपट्ट्यांतली विहीर मला आठवली ती येथें. टाकी भरलेली होती, आणि तरी रिकाम्या टाकीपेक्षां वाईट होती.

असें कां व्हावें? मिस्त्रीनें कांहीं सांगितलें, पुढें पुण्यास येऊन मीं कांहीं वाचलें. दोन्हींचें सार असें. भूगर्भांतील तेलास हवेचा स्पर्श नसतो. तें वर काढून शुद्ध करतांना उष्णतेनें त्याच्या घटकांची मोडतोड होते, व त्यांतील कित्येक घटक हवेंतल्या प्राणवायूशीं सहज संयोग पावतात. त्यांतून डिंकासारखा चिकट साका व आम्लें तयार होतात. उष्णता जितकी अधिक तितकी ही क्रिया जलद. आणि आमच्या वऱ्हाडच्या वैशाखांत पत्र्याची टाकी किती तापते हें कोणास सांगावयास नको. सामान्यतः नीट सांठविलेलें डिझेल सहा महिने ते एक वर्ष चांगलें राहतें. माझा तर्क येथेंच चुकला होता. मीं भूमीच्या पोटाची तुलना जीपच्या टाकीशीं केली होती.

आतां पाणी कोठून आलें? कोणी ओतलें नव्हतें. अर्धी टाकी रिकामी असली म्हणजे ती रात्रंदिवस श्वासोच्छ्वास करीत असते. दिवसा आंतील हवा तापून बाहेर जाते. रात्रीं टाकी थंड झाली कीं बाहेरची दमट हवा आंत ओढली जाते, आणि तिच्यांतील बाष्प पत्र्यास लागून थेंब धरतें. पाणी डिझेलपेक्षां जड. तें तळीं बसतें व तेलाखालीं झांकलें जाऊन सहसा आटत नाहीं. सहा पावसाळ्यांत असे किती थेंब जमले असतील! मग त्या पाण्यांत सूक्ष्म जंतु व बुरशी वाढते. तीं राहतात पाण्यांत आणि अन्न घेतात तेलांतून, म्हणून त्यांचा पापुद्रा नेमका दोहोंच्या सांध्यावर दिसतो. त्यानें गाळण्या बुजतात, आणि त्यांतून निघणारीं आम्लें पत्रा खातात.

असें तेल इंजिनांत गेल्यास काय होतें, हें समजण्यासाठीं या यंत्राची मूळ कल्पना ध्यानांत घेतली पाहिजे. त्याचा जनक रुडॉल्फ डिझेल हा १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मलेला जर्मन अभियंता. त्याचें यंत्र १८९७ सालीं आउग्सबर्ग येथें यशस्वी झालें. त्यांत ठिणगी नाहीं. आपल्याकडे यज्ञासाठीं अरणींच्या घर्षणानें अग्नि काढीत. येथें हवा तिच्या सुमारें विसाव्या हिश्श्यांत दाबून इतकी तापवितात, कीं तींत तेलाचा फवारा पडतांच तो पेटतो. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत असें एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखविलें होतें. म्हणजे यंत्रास तेलाची जात एक वेळ चालेल. पण घाण चालत नाहीं. कारण फवारा उडविणाऱ्या पंपाच्या दट्ट्यांत व नळकांड्यांत मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाइतकेंच अंतर असतें, आणि त्यांना वंगण म्हणून तेंच डिझेल असतें. त्यांत पाणी शिरलें कीं वंगण तुटतें, दट्ट्या घासतो, गंजतो. आणि डिंक शिरला कीं तो जागच्या जागीं चिकटतो. हें ऐकून मी पहिल्या दिवसाची हकीकत मिस्त्रीस सांगितली. तो हंसून म्हणाला, "तुमची बॅटरी मेली होती म्हणून पंप वाचला, मास्तर."

पुढील दोन दिवस काम चाललें. प्रथम टाकीतलें सारें तेल झांकणाच्या डब्यांत काढलें. मग टाकी उतरविली. तिच्या तळाशीं गंज व काळा चिखल बसला होता. तो धुऊन, पुसून, उन्हांत पूर्ण वाळविला. एके ठिकाणीं पत्रा इतका पातळ झाला होता कीं त्यास ठिगळ लावावें लागलें. नळ्या सोडवून त्यांतून हवा मारली, दोन्ही फिल्टर नवे बसविले, चार नोझलांपैकीं एक चिकटलें होतें तें बदललें. इंजिनांतलें वंगणतेलही बदललें व इंजिन आधीं हातानें फिरवून तें मोकळें असल्याची खात्री करून घेतली. नंतर दहा लिटर ताजें डिझेल घातलें.

तरीही किल्ली फिरविली नाहीं. रिकाम्या नळ्यांत हवा भरलेली असते, व ती काढल्यावांचून डिझेलचें इंजिन चालत नाहीं. कारण हवा दाबली तर दबते, तेल दबत नाहीं, आणि फवाऱ्यास लागणारा दाब हवेच्या एका बुडबुड्यानें नाहींसा होतो. फिल्टरवरील स्क्रू सैल करून मिस्त्री बाजूचा हातपंप दाबीत राहिला. आधीं नुसता फेंस, मग फेंस व तेल, आणि शेवटीं अखंड धार. तेव्हां त्यानें स्क्रू आवळला. यास ते लोक 'एअर काढणें' म्हणतात.

मध्यंतरीं एक प्रश्न उभा राहिला, कीं काढलेल्या वीस लिटरांचें करावें काय? एकानें सांगितलें नाल्यांत ओता, डांस मरतील. दुसऱ्यानें सांगितलें अंगणांत शिंपडा, धूळ बसेल. पुतण्या म्हणाला, गाळून ताज्यांत मिसळूं. मिस्त्रीचें मत असें पडलें कीं, तेल नुसतें जुनें पण स्वच्छ असतें, तर गाळून थोडें थोडें ताज्यांत मिसळून जुन्या इंजिनास चाललें असतें; परंतु ज्यास वास सुटला व जंतु झाले तें वांचविण्यांत अर्थ नाहीं. आणि नाल्यांत ओतण्याची गोष्ट निघतांच वहिनींनीं ती मोडून काढली. त्या म्हणाल्या, "गाडगेबाबांच्या गांवांत नाल्यांत घाण ओतायची?" गाडगेमहाराजांचा जन्म १८७६ सालीं शेंडगांवचा, परंतु त्यांचें बाळपण याच तालुक्यांतील दापुऱ्यास मामांच्या घरीं गेलें, आणि १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत हातांतला खराटा त्यांनीं सोडला नाहीं. गांवांत गेलें कीं आधीं झाडलोट, मग कीर्तन, हा त्यांचा क्रम. ओतलेलें तेल मातींत मुरून विहिरीस लागतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें असें टाकाऊ तेल धोकादायक कचऱ्यांत मोडतें. शेवटीं तो डबा बूच लावून, वर चिठ्ठी चिकटवून, मिस्त्रीनें परवानाधारक तेल-संकलकाकडे देण्यासाठीं नेला.

चौथ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं नवी बॅटरी जोडली. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशीं उभ्या होत्या. पुढें आल्या नाहींत. पहिल्या खेपेस इंजिन नुसतें फिरलें. मिस्त्रीनें नोझलांच्या नळ्यांचे नट किंचित् सैल करून राहिलेली हवा काढली व पुन्हां आवळले. दुसऱ्या खेपेस एक खोकला, पांढरा धूर, आणि मग तो ओळखीचा, खडखडणारा, दमदार आवाज. वाड्याच्या भिंतींस तो सहा वर्षांनीं ऐकूं आला. पुतण्यानें गाडी पडवींतून काढून अंगणांत निंबाखालीं आणली. मी वहिनींकडे पाहिलें. त्यांनीं पदरानें डोळे टिपले आणि म्हटलें, "चहा टाकतें सगळ्यांना."

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं वहिनींजवळ कबुली दिली. म्हटलें, "वहिनी, तीन वर्षांपूर्वीं तुमचें ऐकलें असतें तर टाकी सडली नसती. माझा शब्द चुकीचा होता." त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले, म्हणून मीं दुसऱ्यांदा विचारलें नाहीं. ती माझीही चूकच." हें उत्तर मला फार दिवस बोंचत राहिलें. शास्त्रवचन खरें होतें, पण तें अनरशांविषयींचें होतें. तें जीपच्या टाकीस लावण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. ज्याच्या हातास तेलाचा वास आहे त्या माणसाचा सल्ला वहिनींच्या तोंडून माझ्यापर्यंत आला होता, आणि मीं तो वचनानें झांकून टाकला.

ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी, ट्रॅक्टर किंवा विजेच्या अडचणीसाठीं ठेवलेलें जनित्र उभें असेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. गाडी कांहीं महिन्यांसाठीं ठेवावयाची तर टाकी ताज्या तेलानें कांठोकांठ भरावी, म्हणजे हवेस व बाष्पास जागा राहत नाहीं. वर्षांमागून वर्षें राहणार असेल तर तेल काढून, टाकी कोरडी करून ठेवावी. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट. टाकींत तेल केव्हां घातलें त्याची तारीख लिहून ठेवावी. महिन्यांतून दोन मिनिटें चालू करून बंद केल्यानें समाधान होतें, उपयोग होत नाहीं. इंजिन पुरतें तापेपर्यंत चालवावें. आणि फार दिवस उभें असलेलें इंजिन सुरू करण्यापूर्वीं एक रात्र बाटली उन्हाच्या जागीं ठेवून पाहावी. एका रात्रीनें पंप वांचतो. पेट्रोल तर याहूनही लवकर बिघडतें.

पुढें कागदपत्रांचें नूतनीकरण होण्यांत दोन महिने गेले. मग जवळच्याच खेड्यांतील एका शेतकऱ्यानें ती जीप घेतली. पुतण्यानें फोनवर सांगितलें कीं, जातांना वहिनींनीं तिला हळदकुंकू लावलें, आणि ती आपल्या पायांनीं वाड्याबाहेर गेली. त्या शेतकऱ्यास वहिनींनीं एकच गोष्ट बजावली म्हणे: "उभी करून ठेवणार असाल तर आधीं तेल काढा. शिळें होतें तें."